बदलापुरात नव्याने राहायला आलात? जूनच्या आत एवढी कामं उरका

मार्च-एप्रिलमध्ये घर बघायला येणाऱ्याला उल्हास नदी दिसते ती उघड्या खडकांची आणि मधे कुठेतरी चमकणाऱ्या पाण्याची. एजंट बाल्कनीचं दार उघडून नदी दाखवतो, वारा छान येतो, भाडं ठाण्या-डोंबिवलीपेक्षा कमी असतं आणि घर पसंत पडतं. यात चूक काही नाही. मीही असाच आलो आणि पश्चिमेला राहिलो. पण जुलैतली उल्हास एप्रिलमध्ये आलेल्या माणसाला कुणी सांगत नाही. पोलीस ठाण्याचंही तसंच आहे. ते कुठे आहे हे बहुतेकांना पहिल्यांदा कळतं ते रात्री दोन वाजता, गरज पडल्यावर. ही दोन्ही माहिती आधीपासून असली तर पुराच्या रात्री निम्मी धावपळ वाचते, हे मी २००५, २०१९ आणि २०२१ अशा तिन्ही वेळी पाहिलं. म्हणून हा लेख. कामं ज्या क्रमाने करावीत त्याच क्रमाने लिहिली आहेत.

पहिलं काम : आपलं पोलीस ठाणं कोणतं, ते शोधा

हे वाटतं तितकं सोपं नाही. बदलापूर शहरात ठाणे पोलीस आयुक्तालयाची दोन ठाणी आहेत, बदलापूर पूर्व आणि बदलापूर पश्चिम. दोन्ही उल्हासनगरच्या परिमंडळ ४ मध्ये येतात. मात्र शहराला लागून असलेल्या गावांचा बराचसा भाग कुळगाव पोलीस ठाण्याकडे आहे आणि ते ठाणे ग्रामीण पोलिसांच्या अखत्यारीत येतं, आयुक्तालयाच्या नाही. नव्या मोठ्या गृहप्रकल्पांच्या जाहिरातीत 'बदलापूर' लिहिलेलं असतं, पण प्रकल्प गावाच्या हद्दीत असतो. तुमची इमारत नेमकी कुणाकडे येते हे सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा. त्यांनाही खात्री नसेल तर जवळच्या ठाण्यात जाऊन ठाणे अंमलदाराला विचारा. दोन मिनिटांचं काम आहे.

स्टेशनच्या आवारात किंवा लोकलमध्ये काही घडलं, मोबाइल मारला, बॅग राहिली, कुणी त्रास दिला, तर ती हद्द लोहमार्ग पोलिसांची. गाडीतून मदत हवी असेल तर १३९ वर फोन करा.

हद्दीच्या या गुंत्यामुळे माणसं हेलपाटे घालतात. तेव्हा एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्याचा तपास पोलीस न्यायालयाच्या परवानगीशिवाय करू शकतात अशा गुन्ह्याची, माहिती कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, गुन्हा कुठेही घडलेला असो. यालाच 'झिरो एफआयआर' म्हणतात. ते ठाणं गुन्हा नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवतं. "आमच्या हद्दीत येत नाही" हे नोंद न करण्याचं कारण होऊ शकत नाही. माहिती ऑनलाइनही देता येते, पण तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते, ती मागून घ्या. अदखलपात्र बाब असेल तर एनसी (अदखलपात्र तक्रारीची नोंद) करतात, तिचाही क्रमांक घ्या. नोंदच घेतली नाही तर तीच तक्रार लेखी स्वरूपात पोलीस उपायुक्तांकडे पाठवता येते, ग्रामीण हद्द असेल तर पोलीस अधीक्षकांकडे, आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे.

आणखी एक, घरच्या ज्येष्ठांसाठी आणि बायकांसाठी. साक्षीदार म्हणून चौकशी करायची असेल तर कोणत्याही वयाच्या स्त्रीला आणि ६० वर्षांवरच्या पुरुषाला ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं असतं. पुष्कळांना हे माहीत नसतं. त्यामुळे एखादी घटना डोळ्यांनी पाहिलेली माणसंही गप्प बसतात.

दुसरं काम : भाडेकरू नोंदणी

भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवण्याची जबाबदारी घरमालकाची. ठाणे पोलीस वेळोवेळी तसे मनाई आदेश काढतात आणि आदेश मोडणाऱ्यावर गुन्हा नोंदतो. पण मालक पुण्याला किंवा दुबईला, मधे एजंट, अशा स्थितीत काम राहून जातं. तुम्ही स्वतः पाठपुरावा करा. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर अर्ज भरता येतो. करारनामा, आधार, फोटो, मूळ गावचा पत्ता आणि ओळखीच्या दोन माणसांची माहिती जवळ ठेवा. अर्जाची पोच प्रिंट काढून करारासोबत ठेवा.

करारसुद्धा नोंदणीकृतच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे आणि नोंदणी मालकाने करायची असते. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर सह्या करून "झालं" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. पुरानंतर पंचनाम्यासाठी तलाठी येतात तेव्हा या घरात तुम्हीच राहता हे दाखवायला हाच कागद लागतो. माझ्या ओळखीचं एक कुटुंब तळमजल्यावर भाड्याने राहत होतं. त्यांचं सगळं सामान भिजलं, पण त्या पत्त्याचा एकही पुरावा हातात नव्हता. शेजाऱ्यांनी साक्षी दिल्या तेव्हा कुठे नाव लागलं.

तिसरं काम : ११२ ला पत्ता कसा सांगायचा, याची तालीम

पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका, सगळ्यासाठी ११२. महाराष्ट्रात ही सेवा २०२१ मध्ये सुरू झाली. फोन बदलापूरच्या ठाण्यात वाजत नाही. तो राज्याच्या नियंत्रण केंद्रात जातो, मुख्य केंद्र नवी मुंबईत आणि दुसरं नागपुरात. तिथे फोन घेणाऱ्याला तुमची गल्ली माहीत नसते. तो जवळच्या गाडीला निरोप देतो. म्हणून "रमेशवाडीत पाणी भरलंय, लवकर या" एवढ्याने भागत नाही. क्रम असा ठेवा : शहर, पूर्व की पश्चिम, भाग, सोसायटीचं नाव, जवळची ठळक खूण, मजला, किती माणसं, त्यात कुणी आजारी किंवा गरोदर आहे का. घाबरलेला माणूस हे सगळं विसरतो, म्हणून कागदावर लिहून मुख्य दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. आमच्या घरी तो कागद मुलीने दुसरीत असताना लिहिला होता. तिला तो पत्ता अजून पाठ आहे.

त्याच कागदावर १०८ (रुग्णवाहिका), १०१ (अग्निशमन), १०७७ (जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष), १९१२ (वीज) आणि १९३० (ऑनलाइन फसवणूक) हे क्रमांक लिहा. नगरपालिकेचा आपत्ती कक्ष पावसाळ्यापूर्वी सुरू होतो, त्याचा चालू क्रमांक मेअखेरीस विचारून घ्या. गेल्या वर्षीच्या संदेशातला पुढे ढकलू नका.

चौथं काम : पोलीस काय करत आहेत, हे नीट समजून घ्या

नव्या माणसाला उपनगरात पोलिसांची हालचाल दिसली की धडकी भरते. कोपऱ्यावर नाकाबंदी, रात्री सोसायटीच्या गेटवर गस्तीची गाडी, एकाच चाळीत आठ-दहा पोलीस. बहुतेक वेळा हे ठरलेलं काम असतं. ३१ डिसेंबर, होळी, निवडणुका यांच्या आगेमागे नाकाबंदी वाढते. गणपती आणि ईदच्या आधी ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. मंडळांचे पदाधिकारी, मशिदींचे विश्वस्त, काही रहिवासी तिथे असतात आणि विसर्जनाचे मार्ग, बंद रस्ते, ध्वनिक्षेपकाच्या वेळा तिथेच ठरतात. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद हा नियम वर्षभराचा. सणांच्या मोजक्या दिवशी शासन १२ पर्यंत सूट देतं. सोसायटीतून एक माणूस या बैठकीला जायला लागला की ठाण्यातले चेहरे ओळखीचे होतात, आणि पुराच्या रात्री याचा फार उपयोग होतो.

परिसरात खरोखर काय घडलं हे बघायचं असेल तर महाराष्ट्र पोलिसांच्या पोर्टलवर प्रसिद्ध झालेले एफआयआर वाचता येतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकण्याचे निर्देश दिले. लैंगिक अत्याचारासारखे संवेदनशील गुन्हे त्यातून वगळलेले आहेत. महिन्यातून एकदा आपल्या ठाण्याची यादी चाळा. दुचाकीचोरी कुठल्या भागात होते, घरफोडी दिवसा होते की रात्री, हे तिथे कळतं. सोसायटीच्या ग्रुपवरच्या "आजकाल फार वाढलंय" या वाक्यातून काहीच कळत नाही.

या ग्रुपबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. "मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात आली आहे, फोटो पाहा, सगळ्यांना पाठवा", हा निरोप दर पावसाळ्याच्या तोंडावर फिरतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे अशाच अफवेवरून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. भिक्षा मागून पोट भरणारी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं होती ती. तो निरोप पुढे पाठवणाऱ्या हजारोंपैकी कुणालाही खून करायचा नव्हता. त्यामुळे नियम साधा ठेवा. संशयास्पद माणूस दिसला तर ११२ ला फोन करा आणि ग्रुपवर फोटो टाकू नका. निरोपात ठाण्याचं नाव, तारीख आणि अधिकृत खातं नसेल तर तो तुमच्यापाशीच थांबवा. फोनवर "तुम्हाला डिजिटल अरेस्ट केली आहे" म्हणणारा पोलीस नसतो. कायद्यात असला प्रकारच नाही. फोन ठेवा आणि पैसे गेले असतील तर त्याच घटकेला १९३० लावा.

पाचवं काम : नदी वाचायला शिका

आता पावसाकडे येऊ. सगळा लेख वाचायला वेळ नसेल तर निदान हा भाग वाचा.

बदलापूरचा पूर बदलापूरच्या पावसाने येत नाही. उल्हास लोणावळा-राजमाचीच्या डोंगरात उगम पावते, कर्जत, नेरळ, शेलू, वांगणी करत इथे येते आणि पुढे कल्याणला खाडीला मिळते. घाटात रात्रभर कोसळलं तर इथे आभाळ मोकळं असतानाही पाणी चढतं. नवा माणूस खिडकीतून बघतो, पाऊस थांबलेला दिसतो, आणि निर्धास्त झोपतो. २६ जुलै २०१९ च्या रात्री अनेकांनी हेच केलं. दुसऱ्या दिवशी, २७ जुलैला, महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे चामटोलीजवळ पाण्यात अडकली. हजाराहून अधिक प्रवाशांना एनडीआरएफ, नौदल आणि गावकऱ्यांनी मिळून बाहेर काढलं. आमच्या सोसायटीत त्या पहाटे तळमजल्यावरच्या आजींना खुर्चीत बसवून जिन्याने वर आणलं तेव्हा पाणी त्यांच्या पलंगाला लागलं होतं. मी आदल्या रात्री झोपायच्या आधी नदीची पातळी बघितली नव्हती, ही गोष्ट मला आजही टोचते.

म्हणून हवामान खात्याचा इशारा बघताना फक्त ठाणे जिल्हा बघू नका. ठाणे, रायगड आणि पुणे जिल्ह्याचा घाटभाग असे तीन रंग एकत्र बघा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. ठाण्याला पिवळा आणि रायगड व घाटाला लाल असेल तर बदलापूरकराने तो लालच समजावा. 'जोरदार पाऊस' या शब्दालाही माप आहे : २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अतिमुसळधार, त्यापुढे अत्यंत मुसळधार. हे २४ तास सकाळी ८.३० ते ८.३० असे मोजतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेने ९४४ मिमी नोंदवले. त्या शेवटच्या पायरीच्याही चौपटीहून जास्त.

त्यानंतर पातळी. बॅरेजजवळ (नदीवरच्या बंधाऱ्याजवळ) उल्हासची इशारा पातळी १६.५० मीटर आणि धोका पातळी १७.५० मीटर आहे. हे दोन आकडे पाठ करा. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन आणि नगरपालिका दर काही तासांनी पातळी जाहीर करतात. नुसता आकडा बघून उपयोग नाही. आधीच्या दोन आकड्यांशी तुलना करा. दोन तासांत अर्धा मीटर चढली असेल आणि कर्जतला पाऊस चालूच असेल तर इशारा पातळीची वाट बघत बसू नका. हेंद्रेपाडा, रमेशवाडी, मांजर्ली, वालिवली, बॅरेज रोड, इथे राहणाऱ्यांनी तर मुळीच नाही.

बारवी धरणाबद्दल दरवर्षी गोंधळ उडतो. बारवीचे दरवाजे स्वयंचलित आहेत, पाणी ७२.६० मीटरवर गेलं की आपोआप उघडतात. "दरवाजे उघडले, बदलापूर बुडणार" असा निरोप मग रात्रभर फिरतो. बारवी नदी उल्हासला मिळते ती बदलापूर शहराच्या खालच्या अंगाला. त्या विसर्गाची पहिली झळ बसते चांदप, आस्नोली अशा काठच्या गावांना आणि पुढे खाली. शहरातल्या माणसाने बारवीच्या बातमीने घाबरून जाऊन कर्जतच्या पावसाकडे दुर्लक्ष करणं हा उलटा प्रकार आहे.

घर अजून घेतलं नसेल तर जलसंपदा विभागाच्या पूररेषेच्या नकाशावर आपला भूखंड बघा. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येऊ शकणारा पूर, लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणारा. बिल्डरचा शब्द या नकाशाची जागा घेऊ शकत नाही. शेजारच्या जुन्या इमारतीच्या वॉचमनला "२०१९ ला पाणी कुठवर आलं होतं?" असं विचारा. तो हात ठेवून भिंतीवर दाखवेल.

सहावं काम : मे महिन्याची तयारी

मुंबईत पावसाळा साधारण ११ जूनला धरतात. २०२५ मध्ये तो २६ मेलाच पोचला. तेव्हा जूनची वाट बघू नका. शिवाय पावसाआधीचं वादळ वेगळंच असतं. १३ मे २०२४ च्या दुपारी धुळीचं वादळ आलं आणि घाटकोपरचं अजस्र होर्डिंग कोसळून १७ जणांचा जीव गेला. गच्चीवरचे सैल पत्रे, टाकीची झाकणं, कठड्यावरच्या कुंड्या, सुकलेल्या फांद्या एप्रिलमध्येच बघून घ्या. धोकादायक झाडाबद्दल नगरपालिकेला लेखी कळवा, स्वतः तोडू नका, परवानगी लागते. विजांसाठी 'दामिनी' ॲप आणि एकूण इशाऱ्यांसाठी 'सचेत' ॲप मोबाइलवर ठेवा. गडगडाट ऐकू येतो तेव्हा वीज तुमच्यापर्यंत पोचू शकते. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास मैदानात किंवा गच्चीवर जाऊ नका.

सोसायटीच्या बैठकीत हे विषय घ्या : मीटर रूम तळमजल्यावर असेल तर वीज कोण बंद करणार, किल्ली कुणाकडे, लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन कोण थांबवणार, तळमजल्यावर कोणकोण राहतं आणि त्यांनी कुणाच्या घरी जायचं, नावानिशी, गाड्या कुठे हलवायच्या. आमच्याकडे पूर्वेला उंचावर राहणाऱ्या ओळखीच्यांच्या सोसायटीशी आधीच बोलणं करून ठेवलं आहे. पाणी गेटाशी आल्यावर गाडी काढायला खाली उतरणं हा सर्वांत धोक्याचा क्षण असतो.

घरात टॉर्च, पॉवर बँक, आठवड्याची औषधं, चिवडा-बिस्किटं, कागदपत्रांची प्लास्टिकची पिशवी, एवढं सगळ्यांना माहीत आहे. बदलापूरसाठी त्यात पिण्याचं पाणी मुद्दाम धरा. शहराला पाणी जीवन प्राधिकरण उल्हासमधूनच उचलतं. पूर आला आणि पंपांच्या आवारात पाणी शिरलं की नळ बंद होतात, आणि चहूकडे पाणी असून प्यायला नसतं. लाल इशारा दिसला की माणशी रोजचे चार लिटर या हिशोबाने तीन दिवसांचं भरून ठेवा.

सातवं काम : पाणी चढत असताना

तळमजला रिकामा करायचा निर्णय उजेड असताना घ्या. नगरपालिका किंवा पोलिसांनी निघायला सांगितलं तर निघा, शाळेत सोय केलेली असते. चोरीच्या भीतीने मागे राहणारे पुष्कळ असतात. ती भीती खरी आहे, पण तिच्यावर उपाय आहेत : दागिने-कागद सोबत घ्या, कुलूप लावल्याचा फोटो काढा, वरच्या मजल्यावरच्यांना आणि ठाण्याला घर रिकामं असल्याचं कळवा. गस्तीला पत्ता मिळाला की ते बघतात.

पोलिसांनी पूल बंद केला असेल तर वाद घालू नका. कल्याण-मुरबाड रस्त्यावरचा रायते पूल उल्हास फुगली की बंद होतो, बदलापूरजवळचे सखल रस्तेही. "मी रोज जातो इथून" हे वाक्य मी बंदोबस्तावरच्या ओल्या पोलिसाला ऐकवताना अनेकांना पाहिलं आहे. १५ सेंटिमीटर वाहतं पाणी माणसाचे पाय काढू शकतं, ३० सेंटिमीटरमध्ये छोटी गाडी तरंगू लागते, ६० सेंटिमीटर बहुतेक गाड्या वाहून नेतं. आणि पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की नाही हे कुणालाच दिसत नाही.

लोकलने मुंबईला जाणाऱ्यांनी लाल इशाऱ्याच्या दिवशी दुपारीच ठरवावं, निघायचं की तिकडेच राहायचं. सीएसएमटीहून बदलापूर ६८ किलोमीटर आहे. कुर्ला-सायनला पाणी भरलं किंवा इकडे अंबरनाथ-बदलापूरच्या मधे भरलं तरी परिणाम एकच. ठाण्यात किंवा डोंबिवलीत रात्र काढता येईल असं एक घर आधीच विचारून ठेवा. गाडी दोन स्टेशनांच्या मधे थांबली तर उड्या मारू नका. रुळांशेजारची गटारं पाण्याखाली दिसत नाहीत.

सुट्टीच्या दिवशी कोंडेश्वर किंवा भोज धरणाकडे जायचा मोह होईल. पावसाळ्यात प्रशासन अशा ठिकाणी मनाई आदेश काढतं, वाटेत पोलीस परत पाठवतात, आणि ते योग्यच करतात. कोंडेश्वरच्या कुंडात बुडालेली बहुतेक मुलं बाहेरगावची असतात. त्यांना वरून अचानक येणाऱ्या लोंढ्याचा अंदाज नसतो.

आठवं काम : पाणी ओसरल्यावर

घरात शिरण्याआधी मेन स्विच बंद आहे याची खात्री करा, इलेक्ट्रिशियनने बघेपर्यंत चालू करू नका. काठी आपटत जा, कपाटामागे साप निघतात. साप दिसला तर सर्पमित्राला बोलवा, मारू नका. बुडालेल्या गाडीची चावी फिरवू नका, इंजिनात पाणी गेलं असेल तर सुरू करताना ते कायमचं जातं आणि विमा कंपनी हात वर करते. टो करून न्या. पुराच्या पाण्यातून चाललात आणि पायाला जखम असेल तर ताप यायची वाट न बघता २४ ते ७२ तासांत डॉक्टरांना दाखवा, लेप्टोची (दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाची) प्रतिबंधक गोळी त्यांच्या सल्ल्यानेच घ्या.

चिखल धुवायच्या आधी फोटो आणि व्हिडिओ काढा. खोलीखोलीतून, पाण्याची रेघ दिसेल असे. पंचनामा होईपर्यंत खराब झालेलं सामान भंगारात देऊ नका. कागदपत्रं गेली असतील तर पोलिसांकडे गहाळ झाल्याची नोंद करा, ती ऑनलाइनही होते. नवं काढताना तोच दाखला चालतो. मोबाइल वाहून गेला असेल तर नोंदीच्या आधारे सीईआयआर या सरकारी पोर्टलवर त्याचा आयएमईआय (प्रत्येक मोबाइलचा स्वतंत्र ओळख क्रमांक) बंद करून घ्या.

आमच्या इमारतीच्या जिन्यात, पहिल्या मजल्याकडे वळण्याआधी, २७ जुलै २०१९ ची रेघ तांबड्या ऑइल पेंटने ओढून ठेवली आहे, शेजारी तारीख. दर तीन वर्षांनी रंगकाम होतं तेव्हा रंगाऱ्याला ती सोडून बाकीची भिंत रंगवायला सांगतो. नवा भाडेकरू सामान चढवायला लागला की वॉचमन आधी त्याला तिथे उभं करतो. तुमच्या इमारतीत अशी रेघ नसेल तर जुन्या रहिवाशांना विचारून या रविवारी काढून घ्या. एक छोटा डबा रंग पुरतो.